किशोरवयीनांसाठी गर्भनिरोधन (सोलापूर)

जागतिक आरोग्य संघटना 10 ते 19 वर्षे हे किशोरवय मानते. या वयात गर्भधारणा टाळण्यासाठी किंवा लांबवण्यासाठी योग्य साधन कसे ठरवावे, हा या नोंदीचा विषय आहे. सोलापूर जिल्ह्यात हा प्रश्न मुख्यतः नव्याने लग्न झालेल्या मुलींचा आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार (2019–21) 20 ते 24 वयोगटातील स्त्रियांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्यांचे प्रमाण राज्यात सुमारे 22 टक्के, तर या जिल्ह्यात सुमारे 40 टक्के होते.

पूर्वपीठिका : र. धों. कर्वे यांनी 1921 मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले. त्याला काही लेखक जगातील पहिले केंद्र म्हणतात. परंतु अ‍ॅम्स्टरडॅम येथे अलेटा जेकब्स यांचे काम 1882 च्या सुमारास सुरू झाले होते. मार्गारेट सँगर यांचे ब्रुकलिनमधील केंद्र 1916 चे असून ते पोलिसांनी थोड्याच दिवसांत बंद पाडले. मेरी स्टोप्स यांचे लंडनमधील केंद्र मार्च 1921 मध्ये उघडले. त्यामुळे कर्व्यांच्या केंद्राला भारतातील पहिले म्हणणे अधिक ग्राह्य वाटते. सोलापुरात साधारण 1929 मध्ये ‘सोलापूर युजेनिक्स एज्युकेशन सोसायटी’ स्थापन झाली. तिच्याशी डॉ. ए. पी. पिल्लै यांचे नाव जोडले जाते. त्यांनी पुढे 1934 पासून मुंबईहून ‘मॅरेज हायजीन’ हे नियतकालिक चालवले. ही संस्था नावाप्रमाणेच सुप्रजननवादी होती, म्हणजे कोणाला मुले व्हावीत आणि कोणाला होऊ नयेत हे समाजाने ठरवावे, या विचाराची. कर्व्यांच्या मांडणीत स्त्रीचे आरोग्य आणि तिची इच्छा यांना जे स्थान होते, ते सुप्रजननवादात नव्हते. सोलापूरच्या संस्थेला कर्व्यांच्या कार्याची शाखा समजणे म्हणूनच योग्य ठरणार नाही.

साधनाची निवड : जागतिक आरोग्य संघटनेच्या वैद्यकीय पात्रता निकषांनुसार केवळ वय कमी आहे म्हणून कोणतेही तात्पुरते साधन नाकारता येत नाही. मूल न झालेल्या मुलीलाही तांबी बसवता येते. मात्र तांबीमुळे पाळीतील रक्तस्राव वाढू शकतो, म्हणून आधीच रक्तक्षय असलेल्या मुलीबाबत हिमोग्लोबिन पाहून ठरवणे श्रेयस्कर. माला-एन या गर्भनिरोधक गोळ्यांच्या पाकिटात 21 संप्रेरकाच्या आणि 7 लोहाच्या गोळ्या असतात. त्या रोज, शक्यतो ठरावीक वेळी घ्यायच्या असतात. क्षयरोगावरील रिफॅम्पिसिनमुळे त्यांचा परिणाम घटतो, तर दृष्टीसमोर चमक येऊन सुरू होणाऱ्या अर्धशिशीत त्या देऊच नयेत. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने शोधलेली ‘छाया’ ही संप्रेरकविरहित गोळी पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि नंतर एकदा घेतात. तिने पाळी लांबू शकते. हे आधी सांगितले नाही, तर मुलगी दिवस गेले असे समजून घाबरते.

‘अंतरा’ इंजेक्शन दर तीन महिन्यांनी घेतात. त्याच्या वापरात हाडांची घनता काहीशी कमी होते व थांबवल्यावर बहुतांशी भरून येते. शेवटच्या इंजेक्शननंतर दिवस राहायला सात ते दहा महिने लागू शकतात. लग्नाला वर्ष होत नाही तोच ‘काही आहे का?’ असे विचारले जाते, त्या घरातील मुलीला ही मुदत समजावून सांगणे अत्यावश्यक आहे. दुसरीकडे, एकत्र कुटुंबात गोळ्यांचे पाकीट कोठे ठेवायचे, ही तिची खरी अडचण असते. इंजेक्शन घेतल्यावर घरात जपून ठेवावे असे काही उरत नाही. वैद्यकीय निकषांच्या तक्त्यात ही गोष्ट येत नाही, पण साधन टिकेल की सुटेल हे बहुधा तिच्यावर ठरते.

निरोध लैंगिक संसर्गापासूनही संरक्षण देतो, म्हणून दुसरे साधन असले तरी तो वापरणे इष्ट. एकट्या निरोधावर विसंबल्यास प्रत्यक्ष वापरात वर्षाला शंभरांपैकी सुमारे 13 जणींना गर्भ राहतो. तांबीत हे प्रमाण एकाहून कमी आहे. या वयात पाळी अनियमित असल्याने ‘सुरक्षित दिवस’ मोजण्यावर भिस्त ठेवू नये. तातडीची गर्भनिरोधक गोळी संबंधानंतर 72 तासांच्या आत, जितकी लवकर तितकी उपयुक्त, पण ती नेहमीचे साधन नव्हे. शस्त्रक्रियेसाठी शासकीय निकष किमान 22 वर्षे वय आणि एक मूल असा असल्याने ती येथे अप्रस्तुत आहे.

सेवा व कायदा : राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम जानेवारी 2014 मध्ये सुरू झाला. महाराष्ट्रात त्यातील समुपदेशन केंद्रे ‘मैत्री क्लिनिक’ या नावाने चालतात. शहरात मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणारी कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत. विणकर व विडी कामगारांच्या वस्त्यांत मुलीच्या घरच्या भाषेत बोलणारी आशाताई असली, तरच हे बोलणे पुढे सरकते.

मुलगी अठराच्या आत असल्यास, लग्न झालेले असले तरी, शरीरसंबंध हा गुन्हा ठरतो. सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑक्टोबर 2017 रोजी तसा निकाल दिला. बाललैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायदा, 2012 नुसार अशी माहिती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. या भीतीने मुली दवाखान्यात येत नाहीत आणि सल्ला मिळायच्या आधीच दिवस राहतात. अठराच्या आतील मुलीच्या गर्भपातासाठी पालकांची लेखी संमती लागते. सर्वोच्च न्यायालयाच्या 29 सप्टेंबर 2022 च्या निकालाने एवढी सवलत दिली, की मुलीने आणि पालकांनी विनंती केल्यास गर्भपात करणाऱ्या डॉक्टरांनी पोलिसांना कळवताना तिची ओळख उघड करण्याची गरज नाही. केवळ गर्भनिरोधनाच्या सल्ल्यासाठी आलेल्या मुलीचा त्यात उल्लेख नाही.