उलटा करून गुणायचं, पण का?

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना मी दर शनिवारी लहान मुलांना गणित शिकवायला जायचो, व्हॉलंटिअर म्हणून, आणि खरं सांगतो, डोक्यात फक्त सर्टिफिकेट होतं. एकदा एका मुलीनं विचारलं, दादा, अपूर्णांकानं भागताना तो उलटा करून गुणायचं असं का? मी गप्प! पानभर इंटिग्रेशन सोडवणारा मी, आणि हे येईना.

रात्री बसून डोकं खाजवलं. ३ ला अर्ध्याने भागायचं म्हणजे ३ मध्ये अर्धे किती मावतात ते बघायचं. एकात दोन, म्हणून तिनात ६, म्हणजे २ ने गुणणं आपोआप आलंच की. आणि पाऊण असेल तर? एकात पाव मावतात चार, पाऊण त्याच्या तिप्पट मोठा, म्हणून तो मावणार ४ भागिले ३ वेळा. झाला ना उलटा! इतकी वर्षं नुसतं पाठ होतं.

आपल्याला समजलंय असं वाटण्याच्या या फसगतीवर येल विद्यापीठातल्या रोझेनब्लिट आणि काइल या दोघांचा २००२ चा अभ्यास आहे. लोकांना विचारलं, झिप किंवा फ्लश कसा चालतो हे तुम्हाला कितपत समजतं, तर बहुतेकांनी स्वतःला बऱ्यापैकी मार्क दिले, मग म्हटलं आता पायरी-पायरीने लिहून दाखवा, आणि लिहून झाल्यावर त्यांनीच आपले मार्क कमी केले. रोजची ओळख आणि समज यात मेंदू गल्लत करतो, आणि समजावून सांगायची वेळ येईपर्यंत ते उघडकीला येत नाही.

त्याहून मजेशीर प्रयोग २०१४ चा. एकच उतारा वाचायला दिला, काहींना सांगितलं परीक्षा आहे, काहींना सांगितलं तुम्हाला हे दुसऱ्याला शिकवायचंय. प्रत्यक्षात कोणीच शिकवलं नाही, परीक्षा सगळ्यांचीच घेतली, तरी शिकवायच्या तयारीनं वाचणाऱ्यांना जास्त आठवलं आणि तेही जास्त नीट मांडून. वाचतानाच ते मुख्य मुद्दा कुठला, काय कशाला जोडलंय हे शोधत असावेत, असं मला वाटतं.

पण म्हणून कुठलंही व्हॉलंटिअरिंग शिकवतं असं नाही हां. नुसत्या खुर्च्या लावून फार तर पाठ दुखते. डेव्हिड कोल्ब या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञांनी १९८४ मध्ये अनुभवातून शिकण्याचं एक चक्र मांडलं, आधी अनुभव, मग त्यावर विचार, त्यातून एखादा नियम, आणि तो पुन्हा करून बघणं. आपण बहुतेक जण पहिल्याच पायरीवर थांबतो. मी त्या रात्रीनंतर वहीत चार ओळी लिहायला लागलो, आज कुठे अडलो, पुढच्या शनिवारी काय वेगळं करायचं, बस. आमच्यातले दोघं वर्षभर गेटवर हजेरी घेत बसले, सर्टिफिकेटवर तास मात्र त्यांचेच जास्त भरले.