नाडी लागते, पण रोहिणी सापडत नाही

पूर्वी अँजिओग्राफी म्हटलं की हृदयाच्या रक्तवाहिन्या तपासायची नळी जांघेतून घालायची, हे ठरलेलं असायचं. तपासणी जेमतेम अर्ध्या तासाची, पण नंतर पाय न हलवता कित्येक तास उताणं पडून राहायचं, आणि पेशंट खरा वैतागायचा तो त्यालाच. १९८९ मध्ये माँट्रियलच्या ल्युसियाँ कँपो यांनी मनगटातून केलेल्या शंभर अँजिओग्राफींचा अनुभव प्रसिद्ध केला. पुढे १९९२ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या फर्डिनांड किमेनाय यांनी त्याच वाटेने अँजिओप्लास्टीही केली, म्हणजे अरुंद झालेली रक्तवाहिनी मोकळी केली. मनगटातली रोहिणी, म्हणजे हृदयाकडून रक्त आणणारी धमनी, हाडावर टेकलेली असते, त्यामुळे नुसती दाबून ठेवली तरी रक्त थांबतं. शिवाय करंगळीच्या बाजूने दुसरी रोहिणी पंजाला रक्त पुरवतच असते.

अडचण एकच. ही रोहिणी फार बारीक आहे, जेमतेम दोन ते तीन मिलिमीटर रुंदीची. तिच्यात जी नळी सरकवायची, ती बाहेरून मोजली तर अडीच मिलिमीटरच्या आसपास भरते.

आणि ही रोहिणी शोधायची कशी, तर नाडी चाचपून. आता स्वतःच्या मनगटावर बोट ठेवून पाहा. ठोका लागतो, पण तो बोटाच्या सगळ्या पेराला जाणवतो. तीन मिलिमीटरच्या नळीचा मध्य नेमका पेराखाली कुठे आहे, हे बोट सांगू शकत नाही. त्यात सुई चुकून नुसती चाटून गेली, तर रोहिणी आक्रसते. मग ठोका मंदावतो आणि दुसरा प्रयत्न पहिल्यापेक्षा अवघड होऊन बसतो. बारीक चणीच्या बायका, ब्लडप्रेशर उतरलेले पेशंट, यांच्या बाबतीत डॉक्टरांच्या कपाळाला घाम येतो तो इथे.

सोनोग्राफीचा उपयोग इथेच. निर्जंतुक पिशवीत घातलेला चपटा प्रोब, म्हणजे यंत्राचा अंगावर टेकवायचा भाग, मनगटावर आडवा धरला की पडद्यावर काही काळी वर्तुळं दिसतात. प्रोब किंचित दाबायचा. नीला, म्हणजे हृदयाकडे रक्त परत नेणाऱ्या शिरा, चपट्या होऊन दिसेनाशा होतात, रोहिणी मात्र गोलच राहते आणि धडधडते. हे एकदा पाहिलं की विसरत नाही. मग सुई आत जाते आणि तिचं टोक पांढऱ्या ठिपक्यासारखं चमकतं. फसगत होते ती त्या ठिपक्यामुळेच, कारण सुईचा मधला भागही अगदी तसाच दिसतो. म्हणून प्रोब थोडा पुढे सरकवायचा, ठिपका नाहीसा झाला पाहिजे. मग सुई थोडी पुढे, ठिपका परत आला पाहिजे. असं करत करत तो काळ्या वर्तुळाच्या मधोमध आणायचा.

२०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘राउस्ट’ या चाचणीत ६९८ रुग्ण होते. नुसत्या बोटाने सुमारे ४४ टक्के जणांत पहिल्याच प्रयत्नात रोहिणी मिळाली, सोनोग्राफीने सुमारे ६५ टक्क्यांत. सरासरी वेळ १०८ सेकंदांवरून ८८ वर आला. वीस सेकंदांसाठी एवढा खटाटोप कशाला, असं कुणी म्हणेल, आणि वेदना किंवा रक्तस्राव यांत मोठा फरक दिसला नाही हेही खरंच. पण मला सरासरीपेक्षा दुसरा आकडा बोलका वाटतो. पाच किंवा अधिक वेळा टोचावं लागलेले रुग्ण बोटाच्या गटात १८.६ टक्के होते, सोनोग्राफीच्या गटात २.४. सोप्या मनगटांत यंत्राने फारसा फरक पडत नाही, अवघड मनगटांत मात्र पडतो. आणि मनगट अवघड निघणार की सोपं, हे आधी कळत नाही.

मग ते यंत्र प्रत्येक टेबलाशेजारी का नसतं? एक तर सवय. हजारो अँजिओग्राफी केलेल्या हाताला बोटावर भरवसा असतो, आणि तो बहुतेकदा खराही ठरतो. दुसरं कारण खास आपल्याकडचं. गर्भलिंग निदानाविरुद्ध देशात पहिला कायदा केला तो महाराष्ट्राने, १९८८ मध्ये. नंतर १९९४ मध्ये केंद्राचा आला. त्यामुळे सोनोग्राफीचं यंत्र नोंदणीशिवाय ठेवता येत नाही. कॅथलॅबमधला, म्हणजे अँजिओग्राफीच्या खोलीतला, प्रोब मनगटापलीकडे कुठे जाणार नसला, तरी फॉर्म भरावाच लागतो.