टाळाच्या ठोक्याआधीची खरखर

बेळगावात खडे बाजार, गणपत गल्लीकडे फिरताना मोबाईल दुरुस्तीच्या एखाद्या दुकानावर अजूनही पाटी दिसते: ‘मेमरी कार्डात गाणी भरून मिळतील’. निपाणीत, खानापुरातही अशी दुकानं आहेत. आषाढीच्या आधी भजनी मंडळातली माणसं तिथे कार्ड घेऊन येतात. त्यांच्या तोंडून एक वाक्य हमखास ऐकू येतं: “ही एकशेअठ्ठावीसची हाय, तीनशेवीसात करून दे की.” हे आकडे म्हणजे एमपी३ फाईलमध्ये गाण्याच्या दर सेकंदाला किती हजार बिट, म्हणजे शून्य-एकची चिन्हं, खर्ची पडतात त्याचं माप. दुकानदारही करून देतो. फाईल अडीचपट फुगते, आणि गिऱ्हाईक आवाज सुधारला म्हणून समाधानाने जातं.

आवाज कणभरही सुधारलेला नसतो. शेरभर दूध घागरीत ओतलं म्हणून घागरभर होत नाही. पण ‘काही फरक पडत नाही’ एवढंच सांगून थांबणं मला पटत नाही, कारण १२८ची फाईल बनताना जे गेलं ते कुठे गेलं आणि का गेलं, ही गोष्ट माझ्या मते गेल्या शतकातल्या सुंदर शोधांपैकी एक आहे. खिशातला छोटा म्युझिक प्लेअर विकत घ्यायचा तर आधी ती कळायला हवी.

आणि प्लेअर आता कोण घेतं, असं विचारणाऱ्यांनी जांबोटीमार्गे कणकुंबीकडे, पुढे चोर्ला घाटात जाऊन बघावं. झाडी दाट होत जाते तसं मोबाईलचं नेटवर्क टिकत नाही आणि ऑनलाईन गाणं मध्येच गप्प होतं. पावसाळ्यात शेतावर ओल्या हाताने टचस्क्रीन ऐकत नाही. फोन वाजला की कीर्तन तुटतं. बटणांचा, कार्ड घालायचा, शर्टाच्या खिशात मावणारा प्लेअर या भागात चैनीची वस्तू नाही.

आता मूळ मुद्दा. सीडीवर आवाज साठवताना दर सेकंदाला ४४,१०० वेळा हवेच्या दाबाचं माप घेतात. प्रत्येक माप १६ बिटचं, डावा आणि उजवा असे दोन मार्ग. गुणाकार केला की सेकंदाला सुमारे १४ लाख ११ हजार बिट होतात, म्हणजे १४११ केबीपीएस. १२८ केबीपीएसची एमपी३ फाईल याच्या अकराव्या हिश्शात बसते. अकरातले दहा भाग काढून टाकले तरी गाणं ओळखू येतं, आवडतं, डोळ्यांत पाणी आणतं. हे कसं शक्य आहे?

उत्तर कानात आहे. कानाच्या आतल्या शंखात सुमारे ३५ मिलिमीटर लांबीचा एक पातळ पडदा असतो. दाराशी तो अरुंद आणि ताठ, आत टोकाला रुंद आणि सैल. आवाज आत शिरला की या पडद्यावरून लाट धावते. तार स्वर दाराशीच पडदा हलवतात, खर्ज थेट आतल्या टोकापर्यंत पोहोचून तिथे सर्वांत मोठी हालचाल घडवतो. ही धावती लाट गेओर्ग फॉन बेकेशी यांनी दाखवली आणि त्याबद्दल त्यांना १९६१ साली नोबेल मिळालं. म्हणजे प्रत्येक स्वराला पडद्यावर स्वतःची जागा आहे. पण ही जागा टोकदार नाही. एक स्वर आजूबाजूचा थोडा पट्टाही हलवतो, आणि त्याच पट्ट्यात दुसरा हलका स्वर आला तर त्याच्यासाठी वेगळा संदेश मेंदूकडे जातच नाही. तो स्वर हवेत असतो, कानातही पोहोचतो, पण ऐकू येत नाही. याला आच्छादन म्हणू.

उदाहरण घ्या. १००० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला हजार कंपनांचा स्वर ८० डेसिबल इतक्या मोठ्याने वाजतोय. त्याच्या शेजारी ११०० हर्ट्झवर ४० डेसिबलचा स्वर ठेवला, तो झाकला जाईल. तोच ४० डेसिबलचा स्वर ४०० हर्ट्झवर नेला, तर शांत खोलीत स्पष्ट ऐकू येईल. म्हणजे मोठा आवाज शेजाऱ्यांना झाकतो, आणि वरच्या बाजूच्या शेजाऱ्यांना जास्त झाकतो. कारण त्या लाटेतच आहे: खर्जाची लाट आतल्या टोकाकडे जाताना तार स्वरांच्या जागेवरूनच जाते, तार स्वराची लाट मात्र खर्जाच्या जागेपर्यंत पोहोचतच नाही. श्रवणशास्त्रात ऐकू येणाऱ्या पट्ट्याचे असे २४ शेजार मानतात.

आता एमपी३ काय करतं ते पाहू. ‘ऐकू न येणारे स्वर कापून टाकतं’ असं सगळीकडे लिहिलेलं असतं, आणि ते अर्धंच खरं आहे. खरी युक्ती याहून हुशार आहे. कोणतंही माप कमी बिटांत लिहिलं की त्यात चूक येते, आणि ही चूक कानाला खरखरीसारखी ऐकू येते. एक बिट कमी केला की खरखर सुमारे ६ डेसिबलने वाढते. एमपी३ आवाजाचे तुकडे पाडतं, प्रत्येक तुकडा ५७६ बारीक पट्ट्यांत विभागतं, आणि प्रत्येक ठिकाणी विचारतं: इथला मोठा स्वर किती खरखर झाकू शकेल? जेवढी झाकेल तेवढी खरखर मुद्दाम होऊ द्यायची, तेवढे बिट वाचवायचे. म्हणजे १२८ची फाईल सीडीपेक्षा कितीतरी जास्त खरखरीत असते, फक्त ती खरखर नेमकी गाण्याच्या सावलीत लपवलेली असते. आवाज काढून टाकण्यापेक्षा दोष कुठे ठेवायचा, हे ठरवण्याचं हे शास्त्र आहे.

हा हिशोब दर काही मिलिसेकंदांनी नव्याने होतो. सुळेभावी बेळगावपासून जवळच. तिथे १९२४ साली जन्मलेल्या कुमार गंधर्वांचे तंबोरे किती सुरेल लागत, हे जाणकार आजही सांगतात. अशा ध्वनिमुद्रणात तार सप्तकातली तान सुरू असताना तंबोऱ्याचे काही उपस्वर झाकले जातात, आणि तान थांबल्याक्षणी ते पुन्हा वर येतात. त्या क्षणी बिट हात आखडून दिले गेले, तर तंबोऱ्याची झणकार सपाट होते. मैफिलीतला असा शांत क्षणही एमपी३ला महाग पडू शकतो.

आणि टाळ? टाळ तर या शास्त्राची परीक्षाच घेतो. इथे थोडं आत शिरू.

एमपी३ ज्या तुकड्यावर काम करतं त्याची खिडकी साधारण २६ मिलिसेकंदांची असते. आपण मुद्दाम होऊ दिलेली खरखर त्या पूर्ण खिडकीभर पसरते. समजा खिडकीच्या पहिल्या भागात शांतता आहे आणि शेवटी टाळाचा ठोका पडला. खरखर ठोक्याच्या मापाने ठरवली गेली, पण पसरली मात्र ठोक्याआधीच्या शांततेतही. ठोक्यानंतरची खरखर झाकली जाते, कारण मोठ्या आवाजानंतर कान १०० ते २०० मिलिसेकंद थोडा बधिर असतो. ठोक्याआधी मात्र हे आच्छादन जेमतेम काही मिलिसेकंदांचं. म्हणून ठोक्याच्या किंचित आधी एक ‘फ्स्स’ ऐकू येतं आणि ठोक्याची धार बोथट होते. यावर उपाय म्हणून एमपी३ ठोका ओळखून खिडकी एक तृतीयांशावर आणतं. पण खिडकी छोटी केली की स्वरांच्या पट्ट्याही ५७६वरून १९२ होतात. वेळ बारीक मोजायचा तर स्वर जाडाभरडा मोजावा लागतो, आणि उलटही. ही यंत्राची मर्यादा नाही, लहरींच्या गणिताचीच आहे. मग तीच गुणवत्ता राखायला बिट जास्त लागतात. ‘विठ्ठल विठ्ठल’च्या द्रुत गजरात वीस-पंचवीस टाळ एकाच वेळी, सतत वाजत असतात. ६४ केबीपीएसच्या फाईलमध्ये एवढे बिट येणार कुठून? परिणामी काशाचा खणखणाट जाऊन टाळ चिरका, लडबडलेला वाजतो. पखवाज त्यातल्या त्यात टिकतो. तेव्हा भजनाचं कार्ड भरून घेताना कमीत कमी १९२ आणि शक्य तर २५६ची मूळ फाईल मागा. मूळ, म्हणजे सीडीवरून किंवा चांगल्या ध्वनिमुद्रणावरून थेट केलेली. एकदा झाकून टाकलेला तपशील पुन्हा परत येत नाही.

‘फुगवलेली’ फाईल ओळखताही येते. ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर कॉम्प्युटरवर घ्या, फाईल उघडा आणि स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे कोणत्या वेळी कोणते स्वर आहेत याचं चित्र बघा. १२८वरून ३२० केलेल्या फाईलमध्ये साधारण १६ किलोहर्ट्झच्या वर आडवी रेघ मारल्यासारखा सगळा भाग रिकामा दिसतो.

ही युक्ती मुख्यतः जर्मनीतल्या एर्लांगन शहरातल्या फ्राउनहोफर संस्थेत, कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवली. ‘.एमपी३’ हे शेपूट १४ जुलै १९९५ रोजी ठरलं. १९९८ मध्ये कोरियातून पहिला खिशातला एमपी३ प्लेअर आला, त्याची जागा ३२ एमबी. २००१ मध्ये ५ जीबीचा आयपॉड आला, आणि २०२२ मध्ये आयपॉडचं उत्पादनच थांबलं. आज साध्या १६ जीबी कार्डात १२८च्या हिशोबाने सुमारे २७७ तास आवाज मावतो. एवढी जागा असताना ६४ची फाईल भरून घेण्यात काही अर्थ नाही.

इथे दोन अफवांचा समाचार घेतलाच पाहिजे. पहिली व्हॉट्सॲपवर फिरते: ४३२ हर्ट्झला जुळवलेलं संगीत रोग बरे करतं, ४४० हर्ट्झला जुळवलेलं मन बिघडवतं. हर्ट्झ म्हणजे सेकंदाला कंपनं, आणि सेकंद हे माणसाने ठरवलेलं माप. निसर्गाला ४३२ या आकड्याशी काही देणंघेणं नाही. शिवाय आपल्या गायकीत षड्ज ठरलेलाच नसतो. कुणी काळी एक धरतो, कुणी काळी पाच. मग धारवाड-बेळगावच्या मैफिलींतला प्रत्येक गायक श्रोत्यांना आजारी पाडत होता का? असले ‘४३२ कन्व्हर्टर’ गाणं थोडं खाली ओढतात आणि वर आवाजाची नासाडी करतात.

दुसरी अफवा महागड्या खोक्यांवर छापलेली असते: १९२ किलोहर्ट्झ, हाय-रेझ, स्टुडिओसारखा आवाज. सेकंदाला ४४,१०० मापांतून २२ किलोहर्ट्झपर्यंतचा प्रत्येक स्वर पूर्णपणे परत उभा करता येतो, हे गणिताने सिद्ध आहे. माणसाचा कान तरुणपणी २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो, पन्नाशीनंतर बहुतेकांना १५च्या वरचं जवळजवळ जातंच. ऐकण्यासाठी १९२ किलोहर्ट्झला पैसे मोजणं म्हणजे वटवाघळासाठी प्लेअर घेणं. ध्वनिमुद्रण आणि संपादन करताना जादा बिट उपयोगी पडतात, ते वेगळं.

मग प्लेअर घेताना काय बघायचं? बटणं खरी असावीत, न बघता अंगठ्याने कळावीत. फ्लॅक प्रकारची फाईल चालावी: ते काहीही न फेकता सीडीचा आवाज साधारण निम्म्या जागेत बसवतं, तंबोऱ्यासाठी उत्तम. बंद करून पुन्हा लावल्यावर तिथूनच पुढे सुरू व्हावं, नाहीतर दीड तासाच्या कीर्तनात दर वेळी चाचपडत बसावं लागतं. ६४ जीबी किंवा त्याहून मोठं कार्ड चालतं का ते विचारा, कारण अशी कार्डं एक्सफॅट पद्धतीने बांधलेली येतात आणि स्वस्त प्लेअर ३२ जीबीच्या पुढे वाचत नाहीत. एफएम हवा असेल तर वायरवाला इयरफोन ठेवा, ती वायरच अँटेना असते.

एक गोष्ट दुकानातच करून बघा. देवनागरी नाव असलेलं एक गाणं कार्डात घेऊन जा आणि पडद्यावर काय उमटतं ते पाहा. पुष्कळ प्लेअरमध्ये चौकटी किंवा प्रश्नचिन्हं येतात. दोष कधी प्लेअरचा असतो, त्यात आपली अक्षरंच नसतात. कधी दोष फाईलच्या आतल्या टॅगचा, म्हणजे गाण्या-गायकाच्या नावाच्या नोंदीचा असतो, जी जुन्या रोमन-पुरत्या संकेतात लिहिलेली असते. टॅग युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांना चालणाऱ्या संकेतात, पुन्हा लिहिला की दुसरा दोष जातो, पहिला जात नाही. आपल्याकडे एकाच कार्डात मराठी अभंग आणि कन्नड वचनं नांदतात, तेव्हा दोन्ही लिप्या तपासा.

शेवटी आवाजाची पातळी. बेळगावहून खानापूरच्या बसमध्ये इंजिनाची घरघर खालच्या स्वरांत असते, आणि वर सांगितल्याप्रमाणे खालचे स्वर वरच्यांना झाकतात. शब्द बुडतात, म्हणून आपण आवाज वाढवतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसाला आठवड्याला ८० डेसिबलचे ४० तास चालतात. दर ३ डेसिबलला ही वेळ निम्मी होते: ८३ला २० तास, ८६ला १०, ८९ला ५. शंखातल्या केसपेशी साधारण १५ हजार, आणि एकदा मेल्या की माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. त्यामुळे प्लेअरच्या किमतीतले थोडे पैसे वाचवून कानात घट्ट बसणारी रबरी टोपी असलेले इयरफोन घ्या. घरघर बाहेर राहिली की तोच अभंग बऱ्याच कमी आवाजात शब्दन् शब्द ऐकू येतो. रस्त्यावर चालताना, विशेषतः ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरांच्या हंगामात, ते कानातून काढून ठेवा.