आयपॅड मिनी : नवी चिप पुरे की नवी बॉडी हवी?

अ‍ॅपलच्या छोट्या टॅबचं, आयपॅड मिनीचं, पुढचं मॉडेल येणार अशी कुणकुण लागली की दोन गट पडतात. एकाचं म्हणणं, आहे त्याच बॉडीत नवी चिप घाला, किंमत तेवढीच ठेवा, आमची काही तक्रार नाही. दुसऱ्याचं म्हणणं, तीन-तीन वर्षं ताटकळत ठेवायचं आणि शेवटी तोच टॅब नव्या नावानं गळ्यात मारायचा, याला काही अर्थ आहे का? ऑक्टोबर २०२४मध्ये ए१७ प्रो चिपचा मिनी आला तेव्हा हेच झालं. ओएलईडी पडद्याच्या (ज्यात प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो) मिनीच्या बातम्यांमुळे पुन्हा तेच सुरू आहे. दोन्ही बाजू तावातावानं बोलतात, पण आजवरच्या सात मिनींचं पुढे काय झालं, ते फारसं कुणी काढून बघत नाही.

मुळात या टॅबची सुरुवातच नकारातून झाली. १८ ऑक्टोबर २०१० रोजी तिमाही निकालांनंतर गुंतवणूकदारांशी बोलताना स्टीव्ह जॉब्स यांनी ७ इंची टॅबची सालटी काढली होती. सॅमसंगचा ७ इंची गॅलेक्सी टॅब तेव्हा बाजारात येऊ घातला होता. ७ इंची पडदा आयपॅडच्या पडद्याच्या जेमतेम ४५ टक्के भरतो, त्यावर काही नीट दाबायचं तर टॅबसोबत सँडपेपरही द्यावा लागेल, बोटं घासून बारीक करायला, असं ते म्हणाले. फोनशी टक्कर द्यायला मोठे आणि आयपॅडशी द्यायला लहान, त्यामुळे हे टॅब आल्या आल्या मरणार, असा त्यांचा निकाल होता.

हा निकाल खुद्द अ‍ॅपलमध्येही फार दिवस टिकला नाही. जानेवारी २०११मध्ये कंपनीतले वरिष्ठ अधिकारी एडी क्यू यांनी टिम कुक, फिल शिलर आणि स्कॉट फोरस्टॉल या सहकाऱ्यांना ईमेल पाठवला. आयपॅड सोडून गॅलेक्सी टॅब घेतलेल्या एका लेखकाचा लेख त्यांनी वाचला होता. ७ इंची टॅबला बाजार मिळेल, आपणही एक काढावा आणि स्टीव्हचाही आता पूर्वीइतका विरोध दिसत नाही, असा त्या ईमेलचा आशय होता. ऑगस्ट २०१२मध्ये अ‍ॅपल विरुद्ध सॅमसंग खटल्यात तो पुराव्यात आला आणि जगजाहीर झाला. तोवर जॉब्स हयात नव्हते. बाजारात अ‍ॅमेझॉनचा किंडल फायर आणि गुगलचा नेक्सस ७ हे दोन्ही १९९ डॉलरला मिळत होते.

२३ ऑक्टोबर २०१२ रोजी सॅन होजेला शिलर यांनी पहिला मिनी दाखवला. पडदा ७.९ इंच, वजन ३०८ ग्रॅम, जाडी ७.२ मिलिमीटर, किंमत ३२९ डॉलर. भारतात तो २१,९०० रुपयांपासून मिळू लागला. यातला ७.९ हा आकडा उगाच आलेला नाही. मोठ्या आयपॅडवर १०२४ गुणिले ७६८ पिक्सेल होते, इंचाला १३२ या दाटीनं. तेवढेच पिक्सेल ७.९ इंचात बसवले की दाटी १६३ होते, आणि पहिल्या आयफोनचीही दाटी नेमकी १६३ होती. म्हणजे आयपॅडची अ‍ॅप्स एक ओळही न बदलता मिनीवर चालणार, आणि त्यातली बटणं बोटाखाली आयफोनवर येतात त्याच मापाची येणार. शिवाय पडदा मोठ्या आयपॅडच्या सुमारे दोन तृतीयांश भरला, ४५ टक्के नाही. सँडपेपरच्या टोमण्याला इंजिनीअरांनी गणितानं उत्तर दिलं होतं.

त्याच सुमारास आपल्याकडेही लहान टॅबची मोठी चर्चा होती, पण वेगळ्या कारणानं. ऑक्टोबर २०११मध्ये तेव्हाचे केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्री कपिल सिब्बल यांनी दिल्लीत विद्यार्थ्यांसाठीचा स्वस्त टॅब ‘आकाश’ जाहीर केला, तोही ७ इंची. सरकारला तो सव्वादोन हजार रुपयांच्या आसपास पडत होता. पहिल्या आकाशचा पडदा रेझिस्टिव्ह होता, म्हणजे स्पर्श पुरेसा नव्हता, बोटानं दाबावं लागे. प्रोसेसर ३६६ मेगाहर्ट्‌झचा. पुढे प्रकल्प पवईच्या आयआयटीकडे आला आणि नोव्हेंबर २०१२मध्ये आकाश २ आला. आकार तोच ७ इंची, पण पडदा कपॅसिटिव्ह, म्हणजे नुसत्या स्पर्शानं चालणारा, प्रोसेसर १ गिगाहर्ट्‌झचा, रॅम दुप्पट. आकाशचं पुढे काय झालं ती वेगळी कहाणी. पण वर्षभरात हाताळताही न येणारा टॅब निदान वापरण्याजोगा झाला, तो केवळ आतल्या बदलांमुळे.

मिनीचा दुसरा अवतार ऑक्टोबर २०१३मध्ये आला. माझ्या मते आजवरच्या मिनींमध्ये सर्वांत धाडसी हाच, आणि त्याची बॉडी जवळजवळ तीच होती. पिक्सेल चौपट झाले, दाटी ३२६वर गेली आणि त्या वर्षीच्या आयपॅड एअरमधलीच ए७ चिप मिळाली. त्यापायी टॅब ०.३ मिलिमीटर जाड आणि २३ ग्रॅम जड झाला. लहान टॅबच्या बाबतीत हे तसं पाप, पण कुणी फारशी कुरकुर केली नाही. उलट त्याच दिवशी आलेल्या आयपॅड एअरनं पडद्याच्या दोन्ही बाजूंच्या अरुंद पट्ट्या मिनीकडून घेतल्या होत्या. धाकट्याकडून थोरल्यानं उसनं घेतल्याचा हा एकच प्रसंग. त्यानंतर घरात थोरल्या भावाचे आखूड झालेले कपडे धाकट्याला मिळतात तसं मिनीचं होत गेलं. २०१५चा मिनी ४ हा आयपॅड एअर २ची छोटी प्रत होता आणि २०२१चा मिनी ६ हा २०२०च्या आयपॅड एअरची. लोक ज्याला ‘पूर्ण नवं डिझाइन’ म्हणतात ते मिनीला नेहमी उशिरा आणि दुसऱ्याच्या मापानं आलं आहे.

किरकोळ बदलाची सगळ्यात वाईट बाजू मिनी ३मध्ये दिसली. ऑक्टोबर २०१४मधला हा टॅब म्हणजे मिनी २, अधिक बोटाचा ठसा ओळखणारं होम बटण, अधिक सोनेरी रंग. चिप तीच, रॅम तीच, पडदाही तोच. मिनी २ची किंमत उतरवून २९९ डॉलर केली होती आणि मिनी ३ ३९९ला. परीक्षकांनी शंभर डॉलरच्या बटणाची यथेच्छ टिंगल केली, पण खरा हिशेब पाच वर्षांनी लागला. २०१९मध्ये आयपॅडची नवी कार्यप्रणाली, आयपॅडओएस १३, आली तेव्हा मिनी २ आणि मिनी ३ एकदमच बाद झाले. वर्षभर उशिरा आणि जास्त पैसे मोजून घेतलेल्या टॅबला एका दिवसाचंही जास्त आयुष्य मिळालं नाही. मिनी ३नंतर वर्षभरानं आलेल्या मिनी ४मध्ये ए८ चिप आणि २ जीबी रॅम होती. तो आयपॅडओएस १५पर्यंत चालला.

मिनी ४ची बॉडी ६.१ मिलिमीटर इतकी पातळ होती आणि काच व डिस्प्ले एकत्र चिकटवलेले होते. आधीच्या मिनींमध्ये या दोन्हींत बारीक पोकळी असे, त्यामुळे अक्षरं काचेच्या तळाशी असल्यासारखी वाटत. मिनी ४मध्ये ती वर आली. पुस्तकं वाचणाऱ्यांना हा फरक चिपपेक्षा जास्त जाणवला.

आणि मग साडेतीन वर्षं काहीच नाही.

त्यामागची कारणं उघड आहेत. सप्टेंबर २०१४मध्ये ५.५ इंची आयफोन ६ प्लस आला आणि मिनीचं निम्मं काम फोनच करू लागला. ऑक्टोबर ते डिसेंबर २०१३ या तिमाहीत अ‍ॅपलनं २ कोटी ६० लाख आयपॅड विकले होते. पुढच्या वर्षीच्या त्याच तिमाहीत ते २ कोटी १४ लाखांवर आले. निर्णायक घाव मात्र मार्च २०१७मध्ये बसला. अ‍ॅपलनं ९.७ इंची साधा आयपॅड ३२९ डॉलरला काढला आणि मिनी ४ ३९९लाच ठेवला. मोठा स्वस्त, लहान महाग! परवडतो म्हणून मिनी घेणारं गिऱ्हाईक त्या दिवशी गेलं. उरले ते लहान आकारच हवा असलेले लोक. मांडीला पट्ट्यानं टॅब बांधून हवाई नकाशे बघणारे वैमानिक, पांढऱ्या कोटाच्या खिशात टॅब ठेवणारे डॉक्टर, लोकलमध्ये एका हातात टॅब धरून पुस्तक वाचणारे, गेम खेळणारे. हे लोक संख्येनं थोडे, पण टॅब बदलताना दुसरीकडे जात नाहीत. बॉडी नवी हवी की चिप, हा आजचा वाद २०१७नंतर उरलेल्या या लोकांचाच आहे.

१८ मार्च २०१९ रोजी त्यांना मिनी ५ मिळाला, तोही सोहळ्याविना, नुसत्या पत्रकानं. बाहेरून मिनी ४ आणि मिनी ५ शेजारी ठेवले तर ओळखू येऊ नयेत. आत मात्र आदल्या सप्टेंबरच्या आयफोनमधली ए१२ चिप, ३ जीबी रॅम आणि पडद्यावर लिहिण्याच्या अ‍ॅपलच्या पहिल्या पिढीच्या पेन्सिलची सोय. किंमत ३९९वरच. होम बटण, वर-खाली रुंद पट्ट्या, जुनाट चेहरा म्हणून नाकं मुरडली गेली. पण २०२५मध्ये आयपॅडओएस २६ आलं आणि ते चालणाऱ्या टॅबच्या यादीत हा जुनाट टॅब होता.

सप्टेंबर २०२१चा मिनी ६ म्हणजे ज्याची सगळे वाट बघत होते तो कायापालट. होम बटण गेलं, ठसा वरच्या बटणात गेला, यूएसबी-सी आलं, पेन्सिल चुंबकानं चिकटू लागली, पडदा ८.३ इंच झाला. किंमत शंभर डॉलरनं वाढून ४९९; भारतात ४६,९०० रुपये. आता जरा पट्टी घेऊन बघू. मिनी ५ आणि मिनी ६ दोघांचीही रुंदी १३४.८ मिलिमीटर. दोन्ही पडद्यांची दाटी ३२६. मात्र मिनी ५च्या पडद्यावर आडवे १,५३६ पिक्सेल होते, मिनी ६वर १,४८८. चारी बाजूंनी सारख्या पट्ट्या ठेवायच्या म्हणून पडदा उंच झाला आणि रुंदीत जवळपास ४ मिलिमीटर आक्रसला. उभ्या टॅबवर जुन्या मराठी पुस्तकाची स्कॅन केलेली पीडीएफ उघडली की पान ८.३ इंची पडद्यावर ७.९ इंचीपेक्षा लहान दिसतं आणि वर-खाली जागा रिकामी राहते. जाहिरातीतला इंच कर्णाचा असतो, पान रुंदीवर बसतं.

दुसरं दुखणं लगेच लक्षात आलं. टॅब उभा धरून मजकूर सरकवला की पडद्याची एक बाजू दुसरीच्या किंचित मागे राहून लडबडते. उपकरणं उघडून तपासणाऱ्या आयफिक्सिटनं टॅब उघडून पाहिला तर डिस्प्ले चालवणारं सर्किट आयपॅड एअरसारखं वरच्या कडेला नव्हतं, बाजूला उभं बसवलेलं होतं. त्यामुळे उभ्या धरलेल्या पडद्याचं चित्र आडव्या दिशेनं ताजं होत जातं आणि ६० हर्ट्‌झच्या, म्हणजे सेकंदाला ६० वेळा, वेगाला तो फरक डोळ्याला कळतो. एलसीडीत (मागून उजेड दिलेल्या नेहमीच्या पडद्यात) हे व्हायचंच, असं अ‍ॅपलचं उत्तर होतं. अनेकांना ते कधी दिसत नाही; ज्यांना एकदा दिसलं त्यांना कायम दिसतं.

वर आणखी एक गंमत. हा कायापालट झालेला टॅब तीन वर्षांत अ‍ॅपल इंटेलिजन्सला, म्हणजे अ‍ॅपलच्या एआय सुविधांना, अपात्र ठरला, कारण त्याची रॅम ४ जीबी. त्यासाठीच २०२४चा मिनी आला, त्याच बॉडीत, पण ८ जीबी रॅम आणि ए१७ प्रो चिप घेऊन. चिपही पूर्ण नव्हे. आयफोन १५ प्रोमध्ये ग्राफिक्सचे ६ कोअर होते, इथे ५. स्टोरेज ६४वरून १२८ जीबी झालं, किंमत ४९९च राहिली (भारतात ४९,९०० रुपये). वरवर साधा बदल, पण पेन्सिल प्रोची सोय करताना दुसऱ्या पिढीची पेन्सिल चालेनाशी झाली. ज्यांच्याकडे ती आधीच होती त्यांना हा ‘साधा बदल’ बराच महाग पडला.

एवढं बघितल्यावर मी पहिल्या गटाच्या बाजूनं झुकतो, एका अटीवर. चिपसोबत रॅमही वाढली पाहिजे. नाहीतर मिनी ३ होतो. बॉडी बदलायची म्हणजे नवे साचे, नव्या मापाचे डिस्प्ले, नवी कव्हरं, आणि कॉकपिटमधल्या धारकांपासून सगळं पुन्हा. एवढं करण्याइतकं कारण माझ्या मते एकच, पडदा. मे २०२४मध्ये आयपॅड प्रोला ओएलईडी मिळाला, लेनोवोच्या ८.८ इंची लिजन टॅबचा पडदा निदान १४४ हर्ट्‌झवर चालतो, आणि मिनी अजून ६०वर एलसीडी चालवतो. ओएलईडी खरोखर येणार असेल तर बॉडी बदला, आणि बदलताना ती एअरच्या मापानं नको, रुंदीचे ते ४ मिलिमीटर परत द्या. तो येणार नसेल तर २०२१ची बॉडी आणखी एक फेरी सहज काढेल. ४९९ डॉलरला मात्र ओएलईडी मिनीची वाट कुणी बघू नये. मागच्या कायापालटाला शंभर डॉलर लागले होते, आणि तेव्हा पडदा एलसीडीच होता.