परड्यातली खोली

"परड्यात एक खोली काढूया" असं कोल्हापुरातल्या घरात कुणी म्हणालं, की धाकट्याचं लग्न ठरलंय किंवा भाड्याचा विचार चाललाय, एवढं शेजारीही ओळखतात.

पेठांतली जुनी घरं रस्त्याला अरुंद आणि मागं लांबच लांब. पुढं सोपा म्हणजे ओसरी, मग माजघर, स्वयंपाकघर आणि शेवटी परडं. तिथं न्हाणी, जळण आणि म्हशीचा गोठा. जागा कमी पडायला लागली तसे हे गोठे गेले. आमच्या शिवाजी पेठेतल्या घरी गोठ्याची खोली झाली, तेव्हा आजोबांनी गव्हाणीचा कट्टा पाडला नाही. त्यावर शहाबादी फरशी टाकून स्वयंपाकाचा ओटा केला. भिंतीतली दाव्याची कडी तशीच ठेवली. पुढं आलेल्या प्रत्येक बिऱ्हाडानं कपडे वाळवायच्या दोरीचं एक टोक तिलाच बांधलं.

शहराला अशा खोल्यांची गरज हळूहळू वाढत गेली. १८९१ मध्ये मिरजेहून रेल्वे आली, १८९५ मध्ये शाहूपुरीची व्यापारी पेठ वसली, १९०६ मध्ये शाहू मिलची सुरुवात झाली. १९०१ पासून शाहू महाराजांनी एकेक बोर्डिंग उभं करून खेड्यातल्या पोरांना शिकायला शहरात आणलं. १९६२ मध्ये शिवाजी विद्यापीठ आलं आणि बाहेरगावच्या विद्यार्थ्यांचा ओघ आणखी वाढला.

तरीही कितीतरी खोल्या कुलूपबंद राहिल्या. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानं भाडं गोठलं आणि भाडेकरूला घराबाहेर काढणं अवघड झालं. त्यात १९७३ ची दुरुस्ती आली. १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू करारावर राहत असलेला लायसन्सी, म्हणजे भाडेकरू म्हणून नव्हे तर नुसत्या परवानगीनं राहणारा, तोसुद्धा तिनं भाडेकरू ठरवला. आजोबांनी त्यानंतर आमची खोली रिकामी ठेवली ती ठेवलीच. "माणूस चांगला असतो, कायदा त्याला बदलतो," असं ते म्हणायचे. मला ते पटत नाही. कित्येक बिऱ्हाडांना डोक्यावर छप्पर राहिलं ते त्याच कायद्यामुळं. पण घरमालकाची भीती खोटी नव्हती.

१९९९ चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, मुदत संपली की जागा परत मिळवण्यासाठी सक्षम प्राधिकाऱ्याकडं जाता येतं, हे त्यानं पक्कं केलं. अकरा महिन्यांचे करार सर्रास व्हायला लागले आणि परड्यातली कुलपं निघाली.

आता अडतं ते बांधकामात. डिसेंबर २०२० च्या एकत्रित बांधकाम नियमावलीप्रमाणं चटईक्षेत्र (एकूण किती बांधता येतं) आणि सामासिक अंतर (हद्दीपासून सोडायची मोकळी जागा) बघूनच परवानगी मिळते. परड्याला जायला तीन फुटांचा बोळ, मग माणसं वर मजला चढवायचं ठरवतात. आम्हीही नकाशा काढून घेतला: बोळातून वेगळा जिना, वेगळा वीजमीटर. इंजिनिअरनं गोठ्याची भिंत खरवडून बघितली. दगड मातीत रचलेला, वरचा भार पेलणार नाही, आधी कॉलम उभे करावे लागतील. खर्चाचा आकडा तिथंच दुप्पट झाला.