करंट म्हणजे नेमकं काय चालतं?

शेजारची नववीतली मुलगी परवा इंग्रजीचा निबंध घेऊन आली. विषय होता 'वादळी रात्र'. त्यात एक वाक्य होतं, 'द करंट वेन्ट अँड माय ब्रदर गॉट करंट.' वाक्याखाली लाल रेघ होती, पण चूक काय ते लिहिलेलं नव्हतं. करंट गेला, करंट लागला, असं आपण मराठीत सर्रास म्हणतो, मग इंग्रजीत का चालत नाही, हा तिचा प्रश्न. मला तो फार आवडला, कारण त्याचं उत्तर व्याकरणापेक्षा भौतिकशास्त्रात जास्त आहे.

व्याकरणापुरतं आधी उरकून टाकू. घरातली वीज गेली की इंग्रजीत 'द पॉवर वेन्ट आउट' म्हणतात. माणसाला बसतो तो 'शॉक': 'माय ब्रदर गॉट अ शॉक'. मग करंट कशाला म्हणायचं?

हा शब्द लॅटिनमधल्या 'कुरेरे' म्हणजे धावणे या क्रियापदापासून आला. करन्सी हाही त्याच घरातला. आपणही पैशाला चलनच म्हणतो, आणि चलन निघालं ते 'चल्' या धातूपासून. हातोहात फिरतो तो पैसा, ही कल्पना दोन्हीकडे सारखीच. 'करंट अफेअर्स'ला आपण चालू घडामोडी म्हणतो, 'करंट अकाउंट'ला चालू खातं. नदीच्या बाबतीत तर मराठीत याहून नेमका शब्द आहे. पावसाळ्यात काठावरची माणसं सांगतात, 'पाण्याला ओढ आहे, आत उतरू नको.' ती ओढ म्हणजे इंग्रजीतला 'स्ट्राँग करंट'. बादलीत पाणी असतं, पण करंट नसतो. करंट हे पाण्याचं नाव नव्हे, पाण्याच्या वाहण्याचं आहे.

विजेलाही हा शब्द याच अर्थाने लागला. अठराव्या शतकात बेंजामिन फ्रँकलिनसारखे अभ्यासक विजेला एक प्रकारचा द्रव समजत. पुढे १८२० मध्ये आंद्रे-मारी अँपिअर या फ्रेंच शास्त्रज्ञाने विजेचा ताण आणि विजेचा प्रवाह या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं स्पष्ट मांडलं. त्याने प्रवाहाच्या तीव्रतेसाठी जो फ्रेंच शब्द वापरला, त्याचं आद्याक्षर आजही आपल्या पाठ्यपुस्तकात करंटची खूण म्हणून 'आय' होऊन बसलं आहे.

आता माझ्या आवडीचा भाग. तारेत चालतं कोण, आणि किती वेगाने? बटण दाबताच पंखा फिरतो, म्हणून इलेक्ट्रॉन बटणापासून पंख्यापर्यंत विजेच्या वेगाने धावत जात असतील, असं बहुतेकांना वाटतं. हिशेब करून पाहू. ७५ वॅटचा पंखा २३० व्होल्टवर साधारण ०.३३ अँपिअर घेतो. एक अँपिअर म्हणजे सेकंदाला सुमारे ६२४ वर १६ शून्ये इतके इलेक्ट्रॉन. म्हणजे पंख्यासाठी तारेच्या कोणत्याही एका जागेवरून सेकंदाला २ वर १८ शून्ये इतके इलेक्ट्रॉन सरकायला हवेत. ही संख्या अफाट वाटते. पण वायरमन जिला दीडची वायर म्हणतात, त्या दीड चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेच्या फक्त एक मिलिमीटर लांबीत १३ वर १९ शून्ये इतके मोकळे इलेक्ट्रॉन असतात. भागाकार केला तर उत्तर येतं ६५ सेकंद. म्हणजे एक मिलिमीटर सरकायला एक मिनिटाहून जास्त! या वेगाने तारेतला एक मीटर कापायला अठरा तास लागतील.

त्यातही आपल्या घरातली वीज एसी, म्हणजे प्रत्यावर्ती. सेकंदाला ५० वेळा ती पुढे-मागे होते. त्यामुळे इलेक्ट्रॉनची ही सरक मिलिमीटरभरही होत नाही. तो जागच्या जागी केसाच्या जाडीच्या काहीशेव्या भागाएवढा झुलतो. शिवाय तांब्यातले हे इलेक्ट्रॉन मुळात शांत नसतातच, बटण बंद असतानाही ते सेकंदाला दीड हजारांहून अधिक किलोमीटर वेगाने सैरावैरा फिरत असतात. सगळ्या दिशांना सारखेच, म्हणून बेरीज शून्य. करंट म्हणजे या गोंधळावर बसलेली ती अतिशय मंद, पण सगळ्यांची एकत्र सरक.

मग पंखा लगेच कसा फिरतो? सायकलची चेन आठवा. पेडल दाबलं की मागचं चाक त्याच क्षणी हलतं, पुढची कडी मागे पोचायची वाट पाहत नाही. तारही बटणापासून पंख्यापर्यंत इलेक्ट्रॉननी आधीच भरलेली असते. त्यांना ढकलणारं विद्युत क्षेत्र मात्र प्रकाशाच्या वेगाच्या जवळपास धावतं. आणि पुढे-मागे झुलून काम कसं होतं म्हणाल, तर करवत पाहा. तीही जागच्या जागी पुढे-मागेच होते, लाकूड कापलं जातं.

हे कळलं की इंग्रजीतली शब्दयोजना पाठ करावी लागत नाही. करंट 'थ्रू' असतो, तारेतून किंवा शरीरातून. व्होल्टेज, म्हणजे विजेचा ताण, 'अक्रॉस' असतं, दोन टोकांमध्ये. शरीरातून एक मिलिअँपिअर, म्हणजे अँपिअरचा हजारावा भाग, गेला तर मुंग्या येतात, दहाच्या आसपास मूठ सुटत नाही, शंभरच्या घरात हृदयाची लय बिघडू शकते. आपला पंखा घेतो ३३० मिलिअँपिअर.

म्हणूनच वीज पडलेल्या माणसाला शेणात किंवा मातीत गळ्यापर्यंत पुरायचे प्रकार आजही घडतात, तेव्हा मला संताप येतो. अंगातला करंट जमीन ओढून घेते, अशी ती समजूत. अंगात करंट साठून राहतच नाही. वीज वाहून गेलेली असते, मागे राहतं ते थांबलेलं हृदय. त्याला छातीवर दाब देणं आणि १०८ ला फोन करणं लागतं, आणि नेमकी तीच मिनिटं खड्डा खणण्यात जातात. घरातला शॉक असेल तर आधी मेन स्विच बंद करायचा, मगच माणसाला हात लावायचा.

मुलीला मी शेवटी त्यांच्या मीटरजवळच्या पेटीकडे नेलं. तिथे एमसीबीच्या शेजारी आरसीसीबी होता, त्यावर ३० मिलिअँपिअर असं छापलेलं. एमसीबी तार जळू नये म्हणून असतो, तो १६ अँपिअरचा असेल तर माणसाच्या शॉकची त्याला दखलही लागत नाही. आरसीसीबी मात्र घरात गेलेला करंट आणि परत आलेला करंट सतत ताडून पाहतो. मधला थोडा कुणाच्या अंगातून जमिनीत गेला, की हिशेब जुळत नाही आणि तो क्षणार्धात खटका पाडतो. त्यावर एक टेस्ट बटण असतं, ते दाबलं की आतल्या आत थोडा करंट मुद्दाम वेगळ्या वाटेने नेला जातो. तिने बटण दाबलं, खट्ट आवाज झाला आणि घर काळोखलं. आतून तिचा भाऊ ओरडला, 'करंट गेला!' तिने तिथूनच उत्तर दिलं, 'पॉवर गेली म्हण.'