एक्सलचा बूट आणि सहा गोळ्यांची भूमिती

यवतेश्वरचा घाट उतरून साताऱ्यात परतल्यावर पुढच्या डाव्या चाकामागे सहज हात घातला, तर बोटांना काळे, दाट आणि उजेडात किंचित करडे चमकणारे ग्रीस लागले. रिमच्या आतल्या कडेला आणि शॉक अब्सॉर्बरच्या नळीवर त्याच ग्रीसचे शिंतोडे एका रेषेत उडालेले होते. गोफणीतून सुटल्यासारखी ही रेष दिसली की निदानाला फारसे काही उरत नाही : एक्सलचा, म्हणजे चाक फिरवणाऱ्या शाफ्टचा, रबरी बूट फाटलेला असतो. बूट म्हणजे त्या शाफ्टच्या सांध्यावरचे, आतले ग्रीस धरून ठेवणारे घड्याघड्यांचे आवरण. पोवई नाक्यापलीकडच्या माझ्या नेहमीच्या मेस्त्रींनी गाडीखाली डोके घातले, दोन घड्या बोटांनी फाकवल्या आणि म्हणाले, “सर, अजून वाजत नाही ना? मग वेळेत आलात.”

त्या एका वाक्यात या दुरुस्तीचे सगळे अर्थकारण आहे. मात्र ते नीट कळण्यासाठी या भात्यासारख्या रबराच्या आत काय असते, हे आधी पाहावे लागते.

ॲम्बॅसडरसारख्या जुन्या गाड्यांत इंजिनाची ताकद मागच्या चाकांना जात असे आणि पुढची चाके फक्त वळण्याचे काम करीत. आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांत पुढचीच चाके गाडी ओढतात आणि तीच वळतातही. म्हणजे गिअरबॉक्समधून निघालेल्या शाफ्टला चाकापाशी तीस-चाळीस अंशांत वाकावे लागते, वाकलेल्या अवस्थेत फिरावे लागते आणि फिरताना क्षणभरही वेग बदलून चालत नाही. यातली तिसरी अट सर्वांत कठीण आहे. दोन काटे आणि मधला क्रॉस असलेला साधा सांधा, ज्याला सतराव्या शतकातल्या रॉबर्ट हूकचे नाव आहे, तो वाकतो आणि फिरतोही, पण समान वेगाने फिरत नाही. इंजिनाकडचा शाफ्ट मिनिटाला ४०० फेरे या एकसारख्या गतीने फिरत असेल आणि सांधा ३० अंशांत वाकलेला असेल, तर पलीकडच्या शाफ्टची गती एका फेऱ्यात दोनदा ३४६ पर्यंत उतरते आणि दोनदा ४६२ पर्यंत चढते. ट्रॅक्टरमागे रोटाव्हेटर चालू ठेवूनच तो वर उचलला की मधला शाफ्ट खडखडू लागतो, हे आपल्याकडच्या कोणत्याही शेतकऱ्याला ठाऊक असते. त्यामागे बऱ्याच अंशी हाच हिशोब आहे. शेतात तो खडखडाट चार क्षणांचा असतो. मोटारीच्या स्टिअरिंगमध्ये तो प्रत्येक वळणावर हाताला जाणवला असता.

यावरचे उत्तर फोर्ड कंपनीतले अभियंता आल्फ्रेड रझेपा यांनी १९२० च्या दशकात शोधले. एका वाटीच्या आत एक गोलाकार गाभा, दोघांवरही समोरासमोर कोरलेल्या सहा वक्र खाचा, प्रत्येक खाचेत पोलादाची एक गोळी आणि सहाही गोळ्यांना एका पातळीत धरून ठेवणारा पिंजरा, एवढीच त्याची रचना आहे. शाफ्ट कितीही वाकला तरी खाचांच्या वक्रतेमुळे आणि पिंजऱ्यामुळे गोळ्यांची पातळी दोन्ही शाफ्टांमधल्या कोनाला बरोबर मधोमध दुभागते. त्या पातळीवर आरसा ठेवला आहे असे समजा. आरशाच्या एका बाजूला एक शाफ्ट आणि दुसऱ्या बाजूला त्याचेच प्रतिबिंब वाटावे असा दुसरा शाफ्ट. प्रत्येक गोळी दोन्ही अक्षांपासून नेहमी सारख्याच अंतरावर राहते, म्हणून एका बाजूने जी गती येते तीच दुसऱ्या बाजूने बाहेर पडते. ‘कॉन्स्टंट व्हेलॉसिटी’, म्हणजे समान वेगाचा सांधा, हे नाव त्यावरून आले. ब्रिटनमध्ये १९५९ साली आलेल्या मिनी या मोटारीत अशाच घडणीचे सांधे होते. आपल्याकडे डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली आणि पुढच्या चाकांवर चालणारी गाडी मध्यमवर्गाच्या दारात उभी राहिली. गिअरबॉक्सकडच्या बाजूला वेगळा सांधा असतो, बऱ्याच गाड्यांत तीन रोलरांचा. तो कमी वाकतो, पण चाक खड्ड्यात वरखाली होताना शाफ्टला आतबाहेर सरकू देतो.

ही भूमिती टिकते ती गोळी आणि खाच यांच्यामधल्या ग्रीसच्या अगदी पातळ थरावर. हे ग्रीस म्हणजे लिथियमच्या साबणाने स्पंजासारखे धरून ठेवलेले तेल असते आणि त्यात मोलिब्डेनम डायसल्फाइडची काळी पूड मिसळलेली असते. या पुडीचे कण पत्त्यांच्या कॅटसारखे थराथरांचे असतात. दाबाखाली तेल बाजूला सरले तरी ते थर एकमेकांवरून घसरत राहतात आणि पोलाद पोलादाला घासत नाही. बूट फाटला की दोन गोष्टी एकदम घडतात. ग्रीस बाहेर फेकले जाते, आणि त्याच फटीतून कासकडची तांबडी माती, खडी उखडलेल्या रस्त्याची बारीक कच आणि पावसाचे पाणी आत शिरते. उरलेले ग्रीस आणि कच यांचे मिश्रण म्हणजे उत्तम पॉलिश पेपरच, फक्त नको त्या जागी.

मग आवाज केव्हा येतो? गाडी सरळ चालत असताना गोळ्या खाचेत जवळजवळ एकाच जागी राहतात, म्हणून झीजही तिथेच होऊन बारीक खळगे पडतात. स्टिअरिंग पूर्ण वळवले की प्रत्येक गोळी दर फेऱ्याला खाचेत पुढेमागे धावते आणि त्या खळग्यात पडून पुन्हा वर चढते. पार्किंगमध्ये गाडी वळवताना येणारा ‘कट्-कट्-कट्’ हा आवाज त्याचाच असतो. तो ऐकू येईपर्यंत खाच खराब झालेली असते आणि त्यानंतर नवा बूट घालणे म्हणजे किडलेल्या दातावर टोपी बसवणे. काही वर्षांपूर्वी उजव्या बाजूला मी नेमके हेच केले होते. बुटाचे पैसे गेले आणि तीन महिन्यांनी पूर्ण एक्सलचेही गेले.

रबर फाटते कसे, हेही पाहण्यासारखे आहे. टायरचा परीघ पावणेदोन मीटर धरला तर चाक किलोमीटरला सुमारे ५७० फेरे घेते, आणि वळणावर बुटाची प्रत्येक घडी दर फेऱ्याला एकदा मिटते व एकदा ताणली जाते. घाटात हे हजारोंनी होते. त्यात हवेतला अल्पसा ओझोन ताणलेल्या रबराच्या रेणूंमधले दुहेरी बंध तोडतो आणि ताणाच्या आडव्या दिशेने केसासारख्या भेगा पाडतो. बुटासाठी वापरले जाणारे निओप्रीन हे कृत्रिम रबर साध्या रबराइतक्या सहज याला दाद देत नाही, पण अमर नसते. चाके वळलेल्या अवस्थेत गाडी महिनाभर उभी राहिली तर एका बाजूच्या घड्या महिनाभर ताणलेल्याच राहतात. म्हणून उभी करताना चाके सरळ ठेवावीत.

दुरुस्तीत वेळ जातो तो बुटापर्यंत पोहोचण्यात. मेस्त्रींनी चाक जमिनीवर टेकलेले असतानाच हब नट, म्हणजे चाकाच्या मध्यभागी एक्सलचे टोक धरणारा नट, सैल केला, मग गाडी जॅकवरून स्टँडवर घेतली, खालचा बॉल जॉइंट सोडवला आणि एक्सल बाहेर ओढला. माझ्या गाडीत बाहेरचा सांधा शाफ्टवरून उतरत नाही, त्यामुळे गिअरबॉक्सकडचा आतला सांधा सर्क्लिप (त्याला अडवून धरणारी स्प्रिंगची कडी) काढून उतरवावा लागला आणि नवा बूट त्या टोकाने सरकवत न्यावा लागला. आतला बूटही त्याच वेळी बदलला, कारण मजुरी दोनदा कोण देणार? सांधा रॉकेलने धुऊन, कोरडा पुसून, पूर्ण वाकवून त्यांनी खाच उजेडाकडे धरली आणि तिच्यावरून नख फिरवले. खाच चकचकीत होती, पण नख कुठेच अडकले नाही. रॉकेलचा ओलावा राहिला तर नवे ग्रीस पातळ होते, म्हणून पुसायला त्यांनी धुण्याहून जास्त वेळ घेतला.

बुटाबरोबर येणारी ग्रीसची पिशवी सगळीच्या सगळी रिकामी करायची असते, आणि तिच्याऐवजी डब्यातले साधे बेअरिंग ग्रीस चालत नाही. बुटाची टोके धरणारे क्लॅम्प आवळण्याआधी शाफ्ट त्याच्या नेहमीच्या लांबीवर धरून, बोथट पेचकसाने बुटाचा ओठ उचलून मेस्त्रींनी आतली हवा बाहेर सोडली. हे राहून गेले तर बूट फुगतो किंवा आत ओढला जातो आणि घड्या एकमेकींना घासून काही महिन्यांत पुन्हा फाटतात. एक्सल न काढता बसवायचे, उभे चिरलेले आणि डिंकाने जोडायचे बूटही बाजारात मिळतात. ग्रीसचा हात लागलेल्या जागी डिंक धरेल, यावर माझा विश्वास नाही.

हब नट मापाने आवळून नवी स्प्लिट पिन घातली आणि चाक हाताने दोन्ही टोकांपर्यंत वळवून फिरवले. एका बाजूच्या घड्या उघडत होत्या, दुसऱ्या बाजूच्या मिटत होत्या. चार दिवसांनी ठोसेघरला जाऊन आलो तेव्हा घरी शिरण्यापूर्वी क्लॅम्पच्या कडेने बोट फिरवले. बोटाला फक्त धूळ लागली.